फाट्यावरची मोजणी

६ जानेवारी

ही वही कचेरीची नाही. कचेरीची वही निळ्या पुठ्ठ्याची आहे, तिच्या प्रत्येक पानावर आकडा आणि शिक्का आहे, आणि मोजणीखेरीज तिच्यात एक अक्षर लिहायचं नाही अशी साहेबांची ताकीद आहे. मला मोजणीखेरीज पुष्कळ काही सुचतं, म्हणून ही दुसरी वही घेतली. ही कोणी तपासणार नाही, तरी अक्षर नीट काढायचं ठरवलं आहे.

आज मला नोकरी लागली. तीन महिन्यांची आहे, पण काम चोख झालं तर कायम करू, असं साहेब म्हणाले. साहेब म्हणजे रस्त्यांच्या कचेरीतले नवे इंजिनीअर. ते लांबचे आहेत, ना आमच्यातले ना पलीकडल्यांतले. माझा हुद्दा ‘मोजणीदार’. हा शब्द माझ्याजवळच्या कोशात सापडला नाही, पण नेमणुकीच्या कागदावर तसाच आहे.

काम असं. मोठ्या रस्त्याला जिथे फाटा फुटतो, तिथून एक रस्ता चढाला आमच्याकडे जातो आणि एक उताराला पलीकडल्यांकडे. पलीकडले म्हणजे ज्यांचे आजे-पणजे नदीपलीकडून आले ते. त्यांची बोली वेगळी, आडनावं वेगळी, आणि आमच्या लोकांचं त्यांच्याबद्दलचं मत कधीचंच ठरलेलं. यंदा दोन्हींपैकी एकाच रस्त्यावर डांबर पडणार आहे. कोणत्या, ते मी मोजलेल्या वर्दळीवरून ठरेल. सात दिवस, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा.

पूर्वी असं नव्हतं. अधिकारी वरून नेमलेले येत आणि ते नेहमी आमच्यातलेच असत. बाबा तेव्हा रस्त्याच्या टोळीचे मुकादम होते. चढाचा खडीचा रस्ता त्यांनीच केला. साहेबाकडे एक चिठ्ठी गेली की चौथ्या दिवशी खडी येऊन पडायची, असं ते अजून सांगतात. उताराकडूनही चिठ्ठ्या जात असत, पण तिकडे खडी पडलेली कोणाला आठवत नाही. गेल्या वर्षी पहिल्यांदा मतदान झालं. मंडळ निवडून आलं, त्यात पलीकडल्यांचेही पाच जण आहेत. मंडळाचा पहिलाच ठराव असा की इथून पुढे आपला-परका न बघता मोजून ठरवायचं.

संध्याकाळी मामा येऊन पाठ थोपटून गेला. मामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. धंद्यानं शिंपी, आणि आता चौतीस मतांनी मंडळाचा सभासद. म्हणाला की आता माझ्या टेपापेक्षा तुझ्या पेन्सिलीला मान जास्त. बाबांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि म्हणाले, "माणसं मोजायला माणूस ठेवलाय. बरं आहे."

७ जानेवारी

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण कचेरीत ती कोणी विचारली नाही आणि मी सांगितली नाही. माझी ताई उताराला राहते. सहा वर्षांपूर्वी तिनं पलीकडल्यांतल्या कौलवाल्याशी लग्न केलं. तेव्हापासून बाबा तिचं नाव घेत नाहीत. आई दर गुरुवारी बाजारात तिला भेटते आणि घरी येऊन भाजीच्या भावाबद्दल बोलत बसते. बाबा मन लावून ऐकतात. भाजीच्या भावात त्यांना एरवी काडीचा रस नाही.

मला लिहायला ताईनं शिकवलं. मी आठवीत असताना बाबांच्या गुडघ्यावर दगड पडला आणि माझी शाळा सुटली. ताई कपडे धुताना मला शब्द घालायची. चुकलं की ओल्या हातानं टपली. म्हणून मला अजून कानामात्रा चुकला की मानेवर गार लागल्यासारखं वाटतं.

दाजींची भट्टी चांगली चालायला हवी, कौलं घोटीव असतात. पण उताराचा रस्ता फाट्याजवळ दोनशे पावलं नुसता चिखल आहे, बारा महिने, कारण वरचा कालवा तिथे पाझरतो. हातगाडी रुतते. शंभर कौलांतली अठरा-वीस वाटेतच फुटतात. शहरातला एक मोठा ठेकेदार येऊन माल पसंत करून गेला आहे. त्याची अट एकच, ट्रक भट्टीच्या अंगणापर्यंत आला पाहिजे. रस्ता मंजूर झाला तर करार, नाहीतर तो यंत्राची कौलं घेणार आणि दाजींना भट्टी विझवावी लागणार. ताईनं हे आईला सांगितलं, आईनं मला.

म्हणून मी ठरवलं आहे की पूर्ण निःपक्षपाती राहायचं. (‘निः’वर विसर्ग आहे, पाहून घेतलं.)

९ जानेवारी

पहिला दिवस. दोन्ही रस्त्यांच्या तोंडाशी चुन्याची एकेक रेघ मारली. मधे माझं टेबल आणि खुर्ची. नियम सोपा आहे. रेघ ओलांडली की एक खूण. चार उभ्या, पाचवी आडवी. माणूस, गाडी, सायकल यांचे रकाने वेगळे, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

चढ ३८८. उतार ५४.

उताराचे लोक कमी का, ते बसल्याबसल्या कळलं. ते चिखलाच्या रस्त्यानं येतच नाहीत. माझ्या डाव्या हाताला शंभर पावलांवर एका शेताचा बांध आहे. तो खालून वर येतो आणि थेट मोठ्या रस्त्याला लागतो. कौलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाया-माणसं त्या बांधानं एकामागे एक जातात. शाळेची पोरंही तिकडूनच. पाट्या असलेले लोक मान वळवत नाहीत, पण परत येताना रिकाम्या हातानं मला हात करतात. मीही पेन्सिलीचा हात वर करतो. चांगली माणसं आहेत.

संध्याकाळी वही दाखवायला गेलो तेव्हा साहेबांना विचारलं, रेघ सोडून आजूबाजूनं कोणी गेलं तर काय करायचं. ते दुसऱ्या कामात होते. म्हणाले, रेघ ओलांडली तरच मोज, आणि काही विशेष वाटलं तर शेरा लिही.

१० जानेवारी

चढाचे लोक आज फार फिरत होते. निवृत्त पोस्टमन एकटेच नऊ वेळा खाली-वर गेले. पाचव्या खेपेला मी विचारलं, काका, काही विसरलात का. ते म्हणाले, "चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं घेऊन फिरलो, आता स्वतःसाठी फिरतोय. लिही तू." न्हाव्यानं दुकान बंद करून गिऱ्हाइकासकट चार फेऱ्या मारल्या. गिऱ्हाइकाच्या एका गालाला अजून साबण होता.

नियमात खेप म्हणजे खेप आहे. मी सगळ्या मोजल्या. चढ ६१२, उतार ४९.

दुपारी मामा सायकलवरून आला. सायकलीची एक खूण झाली. म्हणाला, लोक उत्साही आहेत, त्यात तू चार-दोन आडव्या काड्या वाढवल्यास तर कोण बघतंय. मी स्पष्ट नाही म्हटलं. मामा हसला, उलट खूशच झाला, आणि म्हणाला, "असाच राहा. मग कोणी बोट दाखवणार नाही."

मला आज स्वतःबद्दल बरं वाटलं.

११ जानेवारी

बांधावरून एक म्हातारी जाते, डोक्यावर पाटी, कमरेत वाकलेली. आज तिनं तिथूनच ओरडून विचारलं, "दिसलो का रे बाबा आम्ही?"

मी ओरडलो, "दिसलात, आजी."

तिनं मागच्यांना काहीतरी सांगितलं आणि सगळे हसले. त्यांची बोली मला नीट कळत नाही.

१२ जानेवारी

शेऱ्याबद्दल दोन दिवस विचार करतो आहे. कच्चा मसुदा इथे केला: ‘उतार रस्त्यावर चिखल असल्यामुळे तेथील रहिवासी डावीकडील बांधाचा वापर करतात. त्यांची गणना झालेली नाही.’ दोन वाक्यं आहेत, चूक एकही नाही. पण वहीत उतरवून घ्यायला हात धजत नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे माझी ताई कुठे राहते. सात दिवसांत मी एकच शेरा लिहायचा आणि तो नेमका उताराच्या फायद्याचा, तर लोक काय म्हणतील? भावानं बहिणीसाठी लिहिलं म्हणतील. मग सगळी वहीच खोटी ठरेल. शिवाय कायम नेमणुकीचं आहेच.

आणि चढाचे लोक उगाच फेऱ्या मारतात, त्यावरही मी शेरा लिहिलेला नाही. म्हणजे दोन्हीकडे सारखंच झालं.

१३ जानेवारी

ताई आली. बांधावरून उतरून शेतातून चालत माझ्या टेबलापर्यंत. पाटी खाली ठेवली. हाताला लाल माती. मला म्हणाली, "काय कारकून, हसतोस तरी का खुर्चीत बसल्यावर, की त्याचीही परवानगी काढावी लागते?"

मी तिला पाणी दिलं. तिनं वहीकडे पाहिलं, मी वही मिटली. ती म्हणाली की मिटू नकोस, मी विचारणार नाही. मग तिकडच्या गोष्टी सांगत बसली. त्यांच्याकडचे लोक म्हणत होते, मोजणी-बिजणी सगळा देखावा असतो, ठरलेलं असतं वरून, आजवर कधी आपल्याला मिळालंय का. दोघा-तिघांचं म्हणणं होतं की आपणही सगळ्यांनी चिखल तुडवत रेघेवरूनच जावं. दिवसातून चार वेळा, पोराबाळांसकट.

"मी म्हटलं, काही गरज नाही. माझा भाऊ बसलाय तिथे. तो इकडची काडी तिकडे करायचा नाही. तुम्ही आपल्या वाटेनं जा, तो बघतोय ना."

मी मान हलवली. तिनं जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली. नियमाप्रमाणे मी तिला काही सांगायला नको होतं, आणि मी काही सांगितलं नाही. ती ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं गेली, म्हणून खूण करण्याचा प्रश्न आला नाही.

१५ जानेवारी

मोजणी संपली. चढ ४,१२६. उतार ३५७. बेरीज तीनदा तपासली. सही केली. साहेब म्हणाले, इतकी स्वच्छ वही मी वीस वर्षांत पाहिली नाही.

२३ जानेवारी

आकडे कचेरीच्या फळ्यावर लागले. दहा दिवसांत हरकती मागवल्या आहेत, नंतर सगळ्यांसमोर सुनावणी, मग मंडळाचं मतदान. हे सगळं नवीन आहे. पूर्वी फळाच नव्हता.

घरी मामा आणि बाबा बोलत होते. मामा सांगत होता की लोकशाहीत असं सगळं रीतसर होतं. बाबा म्हणाले, "म्हणजे डांबर पडणार वरतीच ना? मग फरक एवढाच की चिठ्ठीच्या जागी वही आली." मामाला राग आला. मलाही आला, कारण वहीत एकही खूण खोटी नाही. मी तसं म्हटलं. बाबा गुडघा चोळत म्हणाले, चिठ्ठ्याही खोट्या नसायच्या. वर रस्ता हवा, असं लिहिलेलं असायचं, आणि वर रस्ता हवाच असायचा.

६ फेब्रुवारी

सुनावणी झाली. जमेल तसं लिहितो.

शाळेचा मोठा वर्ग होता. चढाचे उजवीकडे बसले, उताराचे डावीकडे, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मंडळाचे बारा सभासद पुढे, मी साहेबांच्या मागे स्टुलावर. उताराकडून दाजी बोलायला उठले. दाजी फार बोलत नाहीत. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, नखांत माती तशीच. ते म्हणाले की आमच्याकडून रोज दीडेकशे माणसं पाट्या घेऊन येतात आणि तीच परत जातात. आठवडाभरात साडेतीनशे कशी निघाली, ते आम्हाला कळत नाही. आम्ही मोजणीदारांना रोज दिसत होतो.

त्यांनी मला ‘मोजणीदार’ म्हटलं. एरवी ते मला नावानं हाक मारतात.

मग ते माझ्याकडे वळले. "आम्ही बांधावरून जात होतो. तुम्ही बघत होता. खरं आहे का?"

सगळा वर्ग वळला. मामाही. ताई तिसऱ्या बाकावर होती. मी निळी वही उघडली, जणू उत्तर तिच्यात असणार होतं. माझ्या तोंडून जे निघालं ते असं: "माझ्या नोंदीत तसं काही नाही."

हे वाक्य खरं आहे. मी ते दहा वेळा तपासलं आहे.

म्हातारी उभी राहिली. आमच्या भाषेत, मोडक्या शब्दांत म्हणाली, "मी विचारलं याला, दिसलो का. हा दिसलात म्हणाला. हात पण वर केला याने. रोज." उजवीकडचे काही जण हसले. डावीकडे कोणी हसलं नाही. तेव्हा मला कळलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की मी हात वर करतो म्हणजे त्यांना मोजतो.

साहेबांनी वही माझ्याकडून घेतली, शेवटचा रकाना वरून खाली पाहिला आणि परत दिली. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी आता लिहितो आहे. पण दाजींनी तर विचारलंच होतं.

मतदान झालं. सात विरुद्ध पाच. चढ.

बाहेर ताई माझ्याजवळून गेली. ती रागावली नव्हती. ओळखीच्या माणसाच्या घराचं दार बंद दिसलं की आपण जसं पाहतो, तसं पाहिलं आणि पुढे गेली.

१७ फेब्रुवारी

कायम नेमणुकीचं पत्र आलं. आईनं ते देवासमोर ठेवलं आणि लगेच उचलून कपाटात ठेवलं.

२० फेब्रुवारी

उताराला गेलो. चिखलातूनच गेलो, घोट्यापर्यंत. ताई अंगणात ओली कौलं पालथी करत होती. मी कामाला हात लावला, तिनं लावू दिला. एक रांग संपवून दुसरीला लागलो.

मी म्हटलं, ताई, मी एक काडीही खोटी लिहिली नाही. मामानं सांगितलं तरी लिहिली नाही.

"तेच तर," ती म्हणाली. "खोटं केलं असतंस तर भांडता आलं असतं. तू अगदी खरं केलंस. आता कोणाशी भांडू?"

मी शेऱ्याच्या मसुद्याबद्दल सांगितलं. दोन वाक्यं होती, ती तोंडपाठ म्हणून दाखवली. तू बरा आहेस असं तिनं म्हणावं, अशी आशा असावी मला. तिचे हात थांबले.

"म्हणजे तुला कळलं होतं."

"हो."

"मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं नसेल. मी सगळ्यांना तसंच सांगत होते. म्हटलं, तो खाली मान घालून लिहितो, त्याला रेघेपलीकडचं दिसत नाही." तिनं हात पदराला पुसले. "तू माझ्यामुळे नाही लिहिलंस?"

मी हो म्हटलं. लोक म्हणाले असते की बहिणीसाठी लिहिलं.

"आणि तिथे दुसऱ्या कोणाची बहीण असती तर?"

तर लिहिलं असतं. हे उत्तर मला तिथे देता आलं नाही, इथे देतो आहे. पलीकडल्यांत माझं कोणी नसतं, तर मी त्यांना त्यांचं माप नीट दिलं असतं.

दाजी भट्टीमागून आले. त्यांनी मला पाय धुवायला पाणी दिलं आणि नावानं हाक मारली. ते फार जड गेलं.

९ मार्च

चढावर डांबर सुरू झालं. पोस्टमन काका रोज बघायला जातात. म्हणतात, माझ्या नऊ फेऱ्या कुठे पडल्यात ते शोधतोय. सगळे हसतात. मीही कचेरीच्या लोकांबरोबर हसलो.

२१ मार्च

आज साहेबांच्या टेबलाशी उभा राहून विचारलं की झालेल्या मोजणीवर आता शेरा लिहिता येईल का. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, लिहिता येईल, तारीख आजची घालावी लागेल. मी लिहिला. त्यांनी सही केली, बाडात लावला, बाड बांधलं. म्हणाले, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. पुढची वेळ कधी, विचारल्यावर म्हणाले, दोन वर्षांनी, निवडणुकीनंतर.

१४ एप्रिल

ठेकेदार यंत्राच्या कौलांकडे गेला. दाजींनी शेवटची भट्टी लावली आणि माल पडत्या भावानं काढला. त्याच यंत्राच्या कारखान्यात त्यांना काम मिळालं आहे. तो रेल्वेनं एका दिवसाच्या वाटेवर आहे. आई म्हणाली की गुरुवारी बाजारात भाजी फार महाग होती. बाबांनी विचारलं, "कधीपर्यंत महाग राहणार?" आई म्हणाली, महिनाअखेरपर्यंत आहे, मग नाही. ते दोघं काय बोलत होते ते मला बऱ्याच वेळानं कळलं.

२९ एप्रिल

ताई गेली.

ट्रक मोठ्या रस्त्यावर उभा होता, आत येणं शक्यच नव्हतं. सगळं सामान बांधावरून डोक्यावर न्यायचं होतं. रजा काढून गेलो. पलंगाच्या पाट्या, पेट्या, भांडी, दाजींचे लाकडी साचे. बांध पायाखाली इतका गुळगुळीत आणि कडक झाला आहे की त्यावर गवताची काडी नाही. हे मला टेबलावरून कधी दिसलं नव्हतं. म्हातारीनं शेवटची पेटी माझ्या डोक्यावर चढवून दिली आणि म्हणाली, "मान ताठ ठेव, म्हणजे पडत नाही."

ताई ट्रकात चढायच्या आधी मला म्हणाली, पत्र लिही, आणि शुद्धलेखन बघत बसू नकोस, लवकर पाठव. मी तिच्या पाया पडायला वाकलो तर तिनं खांद्याला धरून उभं केलं.

बाबा आले नव्हते. घरी गेलो तर ते दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"गेले?"

"हो."

"सामान कुठून नेलं?"

"बांधावरून."

"किती खेपा झाल्या?"

"मोजल्या नाहीत."

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की त्या चिखलासाठी एकदा दोन सिमेंटचे नळे आले होते. कालव्याचं पाणी खालून काढून द्यायला. तेव्हाचा साहेब म्हणाला, मुकादम, आधी वरचं बघा. "मी ते वर टाकले. पोस्टमनच्या घरासमोर. तिथे पाणीच नव्हतं. अजून कोरडे आहेत."

ते पुढे म्हणाले, "ती तेव्हा नऊ वर्षांची होती. खाली आपलं कोणीच नव्हतं."

आई आत भांडी लावत होती. आवाज थांबला, मग परत सुरू झाला.

११ जून

ताईला तिसरं पत्र. तिचं एक आलं. सगळे बरे आहेत. तिकडे रस्ते चांगले आहेत, असं लिहिलं आहे.

३ मार्च, दोन वर्षांनी

या वहीत पानं शिल्लक आहेत हे विसरलो होतो. निवडणूक झाली. या वेळी दोन्हीकडचे उमेदवार उताराला घरोघर गेले, कारण चढाची मतं तिघांत फुटली होती. मामा म्हातारीच्या ओट्यावर तासभर बसून आला आणि तिच्या बोलीतले चार शब्द शिकून आला, चारही चुकीचे. एकशे नऊ मतांनी जिंकला. आता तो उताराकडच्यांचाही मामा झाला आहे.

पहिल्याच बैठकीत त्यानं उताराचा रस्ता मांडला. नव्या इंजिनीअर बाईंनी जुनं बाड मागवलं, माझा शेरा वाचून दाखवला आणि म्हणाल्या की परत मोजायची गरज नाही. एकमतानं मंजूर झाला. हे सगळं व्हायला पाऊण तास लागला.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मत मागायला खाली जावं लागलं ना, म्हणून." यात राग नव्हता. मग विचारलं, नळे किती टाकणार. मी म्हटलं, चार. त्यांनी मान हलवली.

ताईला लिहायला बसलो. ‘तुमचा रस्ता मंजूर झाला’ ही एकच ओळ सुचली आणि ती लिहिण्यासारखी नव्हती. दाजी आता कारखान्यात पाळीप्रमुख आहेत, मुलगी तिथल्या शाळेत जाते, ते काही परत येणार नाहीत. तरी लिहिलं आणि शुद्धलेखन न बघता पाठवलं.

१९ मे

आज उताराचं डांबर पूर्ण झालं. कचेरीतर्फे देखरेखीला मी होतो. नळे टाकून चिखल आटल्याला पंधरा दिवस झाले. म्हातारी रस्त्याच्या कडेला बसून दिवसभर रोलर पाहत होती.

संध्याकाळी चारच्या सुमाराला रोलर वस्तीच्या टोकाला पोचला. पुढे रस्ता नाही. रोलरवाला उतरला आणि मला म्हणाला, एवढं मोठं धूड मागे मागे नेता येत नाही, वळवायला जागा दाखवा. तिथे मोकळी जागा एकच होती. मी दाखवली.

त्यानं चालत जाऊन जमीन पायानं दाबून बघितली. मातीत लाल खापरं होती, ती बुटानं बाजूला केली. "जमीन टणक आहे. इथे काय होतं?"

"भट्टी होती. माझी बहीण राहायची."

"मग बरं झालं," तो म्हणाला, "परवानगीसाठी कोणाच्या दारात जायला नको." आणि तो वर चढला.

तीनदा पुढे-मागे करून त्यानं रोलर वळवला. डांबर अजून ओलं होतं, म्हणून मी रस्त्याच्या कडेनं, मातीतून चालत घरी आलो.